एक तास त्याच्याजवळ बसाल का?

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा मी एकटाच बाप असतो. बाकी सगळ्या आया, कधी एखादी आजी. नवीन कुणी आलं की पाच मिनिटांत प्रश्न येतो, "आई नाही आली त्याची?" मी सांगतो, ती कामावर गेलीय, दिवसा घरी मी असतो. मग पुढचं वाक्य ठरलेलं. "कमाल आहे हो तुमची! एवढं कोण बाप करतो?" शेजारच्या खुर्चीवरची बाई माझ्याइतकंच करते, पुष्कळदा माझ्याहून जास्त. तिला मात्र कुणी कमाल म्हणत नाही. तिला विचारतात, गरोदरपणात काही झालं होतं का, मोबाईल फार दिलास का, नोकरीच्या नादात लक्ष कमी पडलं का. माझं कौतुक आणि तिची उलटतपासणी, तीही एकाच कामासाठी. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलंय. आज त्याबद्दल आणि त्याला चिकटून येणाऱ्या बऱ्याच गोष्टींबद्दल लिहायला बसलोय.

मुलाचं नाव लिहीत नाही. तो तोंडाने बोलत नाही, पण त्याचं आयुष्य त्याचं आहे आणि ते चारचौघांत मांडायला त्याने मला होकार दिलेला नाही. धाकटी त्याला दादा म्हणते, मीही इथे दादाच लिहीन. दादा तेरा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, सोबत बौद्धिक अक्षमता आहे. धाकटी नऊ वर्षांची. दादा सहा वर्षांचा असताना मी नोकरी सोडली. हिचा पगार जास्त होता, तिची नोकरी टिकणारी होती आणि दोघांपैकी एकाने घरी थांबणं भाग होतं. त्यागबिग काही नाही, हिशेब करून घेतलेला निर्णय.

आमच्यासारखे पालक भेटले की लोक मनाबद्दल बोलायला लागतात. खचू नका, सकारात्मक राहा, अशी मुलं खास आईबापांच्याच पोटी येतात. समुपदेशकही विचारतात, "तुम्ही स्वीकारलंय ना?" आमच्या घरापुरतं सांगतो. दादाला स्वीकारायला आम्हाला फार वेळ लागला नाही. तो आमचा मुलगा आहे, तो आम्हाला आवडतो. पहाटे उठून माझ्या कानाशी येऊन गुणगुणतो ते आवडतं, पाण्याची धार बोटांवर घेऊन हसतो ते आवडतं. माणूस मोडतो तो झोपेने, पाठीने, बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून, एकही दिवस रजा न मिळण्याने. ज्याला सगळे भावनिक ताण म्हणतात, त्यातला मोठा भाग न वाटल्या गेलेल्या कामाचा असतो, असं माझं ठाम मत झालंय. काम वाटून घ्या, मन बरंच सावरतं. वाटून घेतलं नाही, तर कितीही समजूत घाला, उपयोग नाही.

आईला दोष देण्याची ही सवय कुठून आली ते मी मुद्दाम वाचून काढलं. १९४३ मध्ये लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांवर निबंध लिहिला. ऑटिझमचं आज ओळखीचं झालेलं वर्णन तिथून सुरू होतं. ही मुलं जन्मतःच अशी असतात असं त्याने लिहिलं, पण त्याच निबंधात त्यांचे आईबाप फारसे प्रेमळ नाहीत असाही शेरा मारला. पुढची दोनेक दशकं लोकांनी पहिलं विसरून दुसरंच धरून ठेवलं. आई थंड असते म्हणून मूल मिटून जातं, असा सिद्धांतच झाला. मुलांच्या मनाबद्दल लिहिणाऱ्या ब्रुनो बेटलहाइमने १९६७ च्या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला. आयांच्या कित्येक पिढ्यांनी ते खरं मानलं असेल, रात्र रात्र जागून स्वतःच्या प्रेमात खोट शोधली असेल, या विचाराने मला आजही राग येतो.

त्या सिद्धांताला पहिलं भक्कम उत्तर एका बापाने दिलं, तेही बेटलहाइमच्या पुस्तकाच्या आधीच. बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या मुलाला ऑटिझम होता. १९६४ मध्ये त्याने पुस्तक लिहून सांगितलं की याचं मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनरने पालकांच्या मेळाव्यात उभं राहून सांगितलं की तुम्हाला मी निर्दोष ठरवतो. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. म्हणजे आनुवंशिकतेचा हात उघड दिसला. तरी आज खुर्चीवर बसलेल्या बाईला तोच प्रश्न विचारला जातो. रिमलँड बाप होता म्हणून त्याचं ऐकलं गेलं का, असा विचार माझ्या मनात येतो. खुर्चीवरचं माझं कौतुक आठवलं की तो विचार जात नाही.

आता काम म्हणजे काय ते सांगतो. झोपेपासून सुरुवात करू. ऑटिझम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो. दादा रात्री दीड-दोनला उठतो आणि उठतो तो पूर्ण ताजातवाना. दिवे लावतो, पलंगावर उड्या मारतो, हसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलाटोनिन दिलं, त्याने झोप लवकर लागते, पण मधली जाग गेलेली नाही. म्हणून आम्ही रात्र कापून घेतली आहे. दोनपर्यंत मी झोपतो, ही त्याच्या खोलीत आडवी होते. दोननंतर मी जातो. दोघांच्याही वाट्याला सलग चार-पाच तास येतात. एवढ्या एका वाटणीने आमच्यातली भांडणं जितकी कमी झाली, तितकी कुठल्या बोलण्याने झाली नाहीत.

खुर्च्यांवर भेटणारी एक आई एकटी आहे. तिला रात्र कापून देणारं कुणी नाही. तिचा मुलगा संधी मिळाली की घराबाहेर पडतो, म्हणून ती मुख्य दाराला पाठ लावून झोपते. हा तिच्या मनाचा खेळ नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत जवळपास निम्म्या पालकांनी सांगितलं की चौथ्या वर्षानंतर मुलाने एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केला. वाहनं आणि पाणी हे दोन सगळ्यात मोठे धोके. आम्ही दाराला वर, हात पोचणार नाही अशी दुसरी कडी बसवली आणि दार उघडलं की वाजणारी छोटी घंटी लावली. दादाला पाणी फार आवडतं, म्हणून पोहायला शिकवलं. पाण्याचं वेड असलेल्या मुलाला पाण्यापासून लांब ठेवून निभत नाही. पण एकट्या आईने पोहण्याच्या वर्गाला कधी न्यायचं, दुसरं मूल कुणाकडे सोपवायचं? "जरा सावध राहा" हा सल्ला तिला भरपूर मिळतो. कुणी एक रात्र तिच्या घरी जाऊन जागत नाही.

दुखणं हा दुसरा विषय. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मुलांचे फार हाल होतात.

मागच्या वर्षी दादा अचानक स्वतःच्या जबड्यावर मुठीने मारायला लागला. जोरात, हाडाचा आवाज यावा इतक्या जोरात. सोबत रडणं नाही, फक्त मारणं. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तोंड उघडूनही न पाहता सांगितलं, "वयात येतोय, अशा मुलांमध्ये असं वागणं वाढतं," आणि शांत करणारं औषध लिहून दिलं. ते आम्ही सुरू केलं नाही, कारण घरी हिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दादा घास डाव्या गालात घेत होता आणि डोकं किंचित डावीकडे कलवून चावत होता. एरवी तो दोन्हीकडून चावतो. दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवीकडची खालची दाढ आतून किडली होती, मुळाशी पू झाला होता. भूल देऊन दाढ काढली आणि मारणं थांबलं.

मुलाच्या प्रत्येक त्रासाचं खापर त्याच्या निदानावर फोडायचं, खालचा आजार तसाच राहू द्यायचा, याला वैद्यकात डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात आणि ही गोष्ट १९८२ पासून नोंदलेली आहे. म्हणून इथे वाचणाऱ्या प्रत्येक पालकाला माझं सांगणं आहे. न बोलणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं, तर आधी दात बघा, कान बघा, पोट साफ होतंय का बघा, नख मांसात घुसलंय का बघा, चपलेत काही टोचतंय का बघा. हे सगळं झालं की मग वागणुकीबद्दल बोलू. डॉक्टर घाई करत असतील, तर तोंड उघडून बघायला सांगा. वाईटपणा आला तर येऊ द्या.

दाढेच्या प्रकरणानंतर आम्ही दादाच्या चित्रांच्या वहीत 'दुखतंय' असं एक पान घातलं. दादा चित्रांनी बोलतो. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये बसवलेली पद्धत आहे, पेक्स म्हणतात. हवं त्या गोष्टीचं चित्र मुलाने उचलून समोरच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि ती गोष्ट मिळवायची. हातात देणं महत्त्वाचं, कारण त्यातूनच मुलाला कळतं की बोलणं कुणाशी तरी असतं. 'पाणी', 'बाहेर', 'नको' ही चित्रं दादाला लवकर जमली, कारण दिलं की लगेच काहीतरी घडतं. दुखणं अवघड. ते दाखवता येत नाही, देता येत नाही. आम्ही शरीराचं चित्र केलं आणि ढोपर खरचटलं, डास चावला, केस ओढला गेला की प्रत्येक वेळी त्याचं बोट धरून ती जागा दाखवायला लागलो. अजून तो स्वतःहून सांगत नाही. पण परवा पायाला ठेच लागल्यावर त्याने वही उघडली आणि त्या पानावर थांबला. बोट ठेवलं नाही, नुसता थांबला. ही आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, असं अजूनही लोक घाबरवतात. तसं काही होत नाही. ज्याला बोलणं येणार असतं त्याला ते चित्रांमुळे अडत नाही, आणि ज्याला येणार नसतं त्याला निदान 'नको' म्हणता येतं. तेरा वर्षांच्या मुलाला 'नको' म्हणता येणं किती मोठं आहे, ते त्याच्यासोबत राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि आता मिशी.

दादाच्या वरच्या ओठावर लव दाट व्हायला लागली, आवाज फुटायला लागला. त्याच्या चेहऱ्याला कुणी हलकेच हात लावला की तो दचकून मागे सरतो. स्पर्श, आवाज, उजेड यांचं मेंदूत येणारं गणित काही मुलांचं वेगळं असतं, हे जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ बाईने, १९७० च्या दशकात मांडलं. ऑटिझमच्या निकषांत मात्र ते २०१३ साली आलं. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, हलका स्पर्श त्याला टोचतो, घट्ट दाब चालतो. तेवढा धागा धरून मी तयारी केली.

आधी ट्रिमर नुसताच बाथरूमच्या फळीवर ठेवला, त्याच्या ब्रशशेजारी. मग बंद ट्रिमर त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला, वास घेतला, दातांवर आपटून पाहिला. मग चालू करून माझ्या तळहातावर धरला, मग त्याच्या. थरथर तळहाताला आवडली, त्याने तो स्वतःच्या मांडीवर दाबून धरला. आवाज मात्र आवडेना, म्हणून कानांवर हेडफोन. आरशाशेजारी चित्रांची पट्टी चिकटवली: हेडफोन, ट्रिमर चालू, ओठाची उजवी बाजू, डावी बाजू, बंद. रोज आधी मी माझी दाढी करायचो, तो बघायचा. मग माझ्या बोटांनी त्याचा वरचा ओठ घट्ट दाबायचो, सावकाश पाच म्हणेपर्यंत, आणि सोडायचो. बास, तेवढंच.

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी त्यानेच माझा अंगठा धरून स्वतःच्या ओठावर नेला. मी दाबलं, ट्रिमर लावला, उजवी बाजू झाली. त्याने डोळे गच्च मिटले होते आणि घशातून एक सूर धरला होता. डावीकडे वळणार तेवढ्यात त्याने माझ्या हातातून ट्रिमर घेतला, बंद केला आणि डब्यात ठेवला. मी ठीक आहे म्हणालो. त्या दिवशी दादा अर्धी मिशी ठेवून शाळेत गेला. त्याच्या बाईंना मी चिठ्ठी दिली की यावर कुणी हसू नये, हे त्याने ठरवलंय. दुसऱ्या दिवशी डावी बाजू झाली.

वयात येणाऱ्या मुलाचं बाकी सगळंही असंच शिकवावं लागतं. कपडे कुठे काढायचे, दार कधी लावायचं, कुणाला मिठी मारायची आणि कुणाशी फक्त हात मिळवायचा, त्याच्या अंगाला कोण कुठे हात लावू शकतं आणि कोण नाही. याबद्दल पालक आपसातही बोलत नाहीत, लाजतात. मुलींच्या आया पाळीबद्दल एकमेकींना निदान कुजबुजत विचारतात. मुलांच्या बाबतीत सगळा शुकशुकाट. दादाची आंघोळ आणि अंग पुसणं आता पूर्ण माझ्याकडे आहे. त्याच्या वयाच्या मुलाचा आईपासून आडोसा असावा, हा त्याचा हक्क आहे. अशा वेळी बाप घरात असून काही करत नसेल, तर त्या मुलाचा तो हक्क हिरावला जातो, इतकं मला हे गंभीर वाटतं.

थकलेल्या घरावर टपून बसलेले लोक असतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या एका शोधनिबंधाने लशीमुळे ऑटिझम होतो अशी भीती पसरवली. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण भीती राहिली. त्या भीतीवर कुणी शरीरातले धातू काढून टाकायची औषधं विकतो, कुणी प्राणवायूच्या बंद पेटीत मुलांना बसवतो, कुणी ब्लीचसारखं रसायन पाजायला सांगतो. धातू काढायच्या उपचारात २००५ मध्ये ऑटिझम असलेला एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. "मुलासाठी एवढंही करणार नाही का?" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्या दारातून उठून बाहेर या. हे वाक्य मलाही ऐकवलं गेलंय, आणि हिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा.

दुःख नसतं असं मी म्हणत नाही. सायमन ओल्शान्स्कीने १९६२ मध्ये लिहिलं की अशा पालकांचं दुःख आयुष्यभर अधूनमधून येत राहतं, ते साहजिक आहे आणि त्याला आजार समजू नये. साठ वर्षांपूर्वीच्या या माणसाने माझ्यावर उपकार केले असं मला वाटतं. दादाच्या वयाची मुलं एकटी सायकलवरून शाळेत जाताना दिसतात, तेव्हा पोटात कळ येते. दोन महिने ती येत नाही आणि मग एकदम येते. मी ती येऊ देतो. तिच्यामुळे दादावरचं प्रेम कमी होत नाही आणि मी कमी स्वीकारलंय असंही ठरत नाही. पण ही कळ सोसायलासुद्धा माणसाकडे मोकळी पंधरा मिनिटं लागतात. ज्या आईला तीही मिळत नाहीत, तिचं रडणं मग बाथरूमच्या नळाखाली उरकलं जातं.

म्हणून शीर्षकातला प्रश्न. तो मी प्रत्यक्षात विचारलेला आहे. एक जुना मित्र नेहमी म्हणायचा, "काही लागलं तर सांग." एकदा मी सांगितलंच, शनिवारी चार ते पाच दादाजवळ बसशील का? तो गप्प झाला. म्हणाला, "मला जमेल का रे? भीती वाटते." ही भीती खरी असते आणि तिच्यावर लोकांना रागवण्यात अर्थ नाही. मी एका कागदावर लिहून दिलं. दादा हाताने कानाजवळ टिचक्या वाजवतो, ते थांबवू नको, त्याने त्याला बरं वाटतं. डोळ्यांत बघायला सांगू नको. एका वेळी एकच गोष्ट सांग, छोट्या वाक्यात, आणि मनात दहा म्हणेपर्यंत थांब. तो जमिनीवर बसून ओरडायला लागला तर तो हट्ट नाही, त्याला सहन होईनासं झालंय. दिवा मंद कर, बोलणं बंद कर, दोन हात लांब बस, दार अडवू नको पण मुख्य दाराची वरची कडी तपास. वही कायम त्याच्या हाताशी ठेव.

पहिले काही शनिवार मी घरातच दुसऱ्या खोलीत थांबलो. मग इमारतीखाली. मग ही आणि मी दोघं धाकटीला घेऊन बाहेर पडायला लागलो. तो एक तास धाकटीचा असतो. एरवी तिचं प्रत्येक वाक्य दादाच्या आवाजाने मधेच तुटतं. आता ती तासभर सलग बोलते, आम्ही सलग ऐकतो. मित्र आणि दादा काय करतात? बहुतेक वेळ बादलीतलं पाणी या मगातून त्या मगात ओततात. मित्राला आता वहीतली चित्रं माझ्याइतकी पाठ आहेत.

खुर्च्यांवरच्या एका आईने माझा कागद पाहून स्वतःच्या मुलीसाठी तसाच केला. तिच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, आणि फिट येतात. तिच्या कागदावर पहिल्या चार ओळी अशा: घड्याळ बघ. कुशीवर वळव. तोंडात काहीही घालू नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात ने. तिची बहीण तो कागद वाचून पहिल्यांदा मुलीजवळ एकटी थांबली. चार ओळी हातात नव्हत्या म्हणून एवढी वर्षं थांबत नव्हती.

अशा तात्पुरत्या सोबतीला रेस्पाइट केअर म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, २८ व्या कलमात, गरिबीत राहणाऱ्या कुटुंबांना ही मदत सरकारकडून मिळावी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. ती मिळवण्यासाठी पालकांनी एकत्र येऊन मागायला हवं आणि ते मी करतोच आहे. तोवर मित्र, बहिणी, शेजारी यांच्या तासांवर चाललंय.

आमच्यानंतर काय, हा प्रश्न आहेच. त्यासाठी हिने एक जाड फाईल केली आहे. पहिल्या भागात औषधं, रक्तगट, कुठल्या भुलीने त्रास झाला होता ते, दातांचे कागद. दुसऱ्यात पैसे आणि पालकत्वाचे कागद. तिसरा भाग मी लिहितोय: दादा कसा आहे. कुठल्या बाजूला झोपतो, कुठला सूर म्हणजे आनंद आणि कुठला म्हणजे पोट दुखतंय, ओठ घट्ट दाबून मग ट्रिमर लावायचा, पाणी बघितल्यावर किती वेळ थांबू द्यायचं. दर काही महिन्यांनी तो बदलतो, म्हणून पानं सुटी ठेवली आहेत.

चौथ्या भागावर आमचं अडलंय. तिथे ज्याच्यावर जबाबदारी जाईल त्या माणसाचं नाव यायचं आहे. हिचं म्हणणं, धाकटीचं नाव निदान शेवटी तरी असू द्यावं, रक्ताचं माणूस म्हणून. माझं म्हणणं, बहीण बहिणीसारखीच राहू दे, पाचवीला पुजलेली काळजीवाहू तिला करू नये. यावर आम्ही पुष्कळ बोललो, कधी भांडलोही, आणि दोघांचंही म्हणणं दोघांना पटतं हीच अडचण आहे. धाकटीने परवा फाईल पाहिली आणि विचारलं, "बाबा, यात माझं काय आहे?" मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली, मग दादा हसतो कधी त्याचं पान मी लिहिते, तुम्ही अर्धंच लिहिलंय. ते तिने लिहिलं. दोन्ही बाजूंनी, पेन्सिलीने. चौथा भाग ती अठरा वर्षांची होईपर्यंत कोराच ठेवायचा आणि मग तिलाच विचारायचं, एवढ्यावर सध्या आमचं एकमत झालंय.